अडतीस नंबरची तार

मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षं कळंबच्या एका शाळेत संगीत शिकवलं, आणि त्यातली निम्मी पेटीवर हात आपटण्यात गेली असं माझे विद्यार्थी अजून सांगतात. निवृत्तीनंतर राग कमी होईल असं घरच्यांना वाटलं होतं. तो फक्त शाळेतून घरी आला. तेव्हा दैवशालाबाईंची गोष्ट सांगताना माझी फजितीही सांगावी लागणार, आणि ती मी सांगणार आहे. गेले दोन महिने भेटेल त्याला धरून मी हेच सांगत सुटलोय. शेवटी बायको म्हणाली, आता एकदाचं लिहून टाका आणि लोकांना मोकळं करा.

येरमाळ्याच्या चौकात उतरून कळंब रस्त्याला लागलं की टायरच्या दुकानाशेजारी एक बोर्ड दिसतो, 'बजरंग मोटर रिवाइंडिंग'. विहिरीवरची किंवा बोअरची मोटर जळाली की ती इथे आणून टाकायची. आतली जळकी तार काढून नवी तार भरतात, दोन-तीन दिवसांनी मोटर घेऊन जायची. याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. ईटपासून तेरखेड्यापर्यंतची माणसं इथेच येतात. ईटचे धोंडीबा तर दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बजरंगच्या हाताला इमान हाय. सात वर्सं झाली, माजी मोटर हूं का चूं न्हाय." बजरंग लेथ मशीनवरून मान वर करायचा, तोंडातली लवंग या गालातून त्या गालात सारायचा आणि म्हणायचा, "आपलं काम पक्कं आस्तंय, मामा."

आत, पडद्याच्या मागे, पोत्यावर मांडी घालून बजरंगची बायको बसलेली असायची. मांडीवर मोटरचं रिकामं लोखंड, शेजारी तांब्याच्या तारेची रिळं. लोखंडाच्या खाचांत एकेक वेटोळं बसवत, बोटांनी दाबत, ओठांतल्या ओठांत वेढे मोजत ती भरत असायची. धोंडीबांची मोटर तिने भरली होती. सगळ्याच मोटरी तिने भरलेल्या होत्या.

मला हे कळायला एक वर्ष लागलं, आणि मी तिथे दर रविवारी जात होतो.

जायचं कारण म्हणजे आमची तालीम. आम्ही पाच जण. एक गिटार, दोन व्हायोलिन, व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असा व्हायोला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. पाश्चात्य शास्त्रीय संगीतात असे छोटे संच असतात. मोठ्या ऑर्केस्ट्रासारखा समोर उभा राहून काठी हलवणारा कुणी नसतो. पाच माणसांनी एका खोलीत बसायचं, एकमेकांच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं आणि वाजवायचं. एकाचं चुकलं की पाचांचं चुकतं. म्हणूनच मला ते इतकं आवडतं, आणि म्हणूनच माझं डोकं तिथे सारखं फिरतं.

या सगळ्याचं मूळ निकिता. सव्वीस वर्षांची पोर, येरमाळ्याच्या दवाखान्यात नर्स, बजरंगच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहते. पुण्याला नर्सिंग शिकताना ती क्लासिकल गिटार शिकली. मला गिटार म्हटलं की शाळेचं गॅदरिंग आठवायचं. तिने पहिल्यांदा वाजवून दाखवलं तेव्हा मी तिला तेच तीनदा वाजवायला लावलं. मग मी व्हायोलिन काढलं. धाराशिवहून बँकेतली गायत्री दुसरं व्हायोलिन घेऊन यायला लागली, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या कॉलेजातला कृष्णराज व्हायोला. उमरग्याकडचे बसप्पाअण्णा पुतण्याने बंगळूरहून पाठवलेला चेलो घेऊन यायचे. काळ्या पेटीतला तो चेलो एसटीत त्यांच्या शेजारी सीटवर बसायचा. एका कंडक्टरने त्यांना हळू आवाजात विचारलं होतं, "अण्णा, घरातलं कुनी गेलं का?"

चौकात चारही बाजूंच्या गाड्या थांबतात, म्हणून तालीम येरमाळ्याला. निकिताची खोली पुरायची नाही, म्हणून दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला जळक्या मोटरींचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. पडद्याआड बजरंगची बायको, म्हणजे दैवशालाबाई, आपलं काम करत बसायच्या. चहाच्या वेळी कप ठेवून जायच्या. मी त्यांच्याशी 'साखर कमी' याखेरीज काही बोललो असेन असं वाटत नाही.

निकिताच्या पुण्याच्या मॅडमनी आमच्या पाच जणांसाठी तीन भागांची एक रचना लिहून दिली होती. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता धाराशिवच्या एका वाचनालयाच्या सभागृहात ती वाजवायची ठरली. पहिला भाग धावता, तिसरा त्याहून धावता. मधला संथ, आणि त्याची सुरुवात गिटारच्या एकट्या चौथ्या तारेवर. बाकीचे चौघे हात राखून बसणार, आणि ती एक तार आधी मोकळी वाजणार, मग तिच्याच अंगावर निकिता सगळी धून चढवत नेणार. त्या तारेत जीव नसला तर मधला भाग मेला.

आणि गिटारची चौथी तारच सगळ्यात आधी दगा देते. क्लासिकल गिटारच्या पहिल्या तीन तारा साध्या नायलॉनच्या. पुढच्या तीन रेशमासारख्या धाग्यांच्या जुडीवर तांब्याची तार गुंडाळून केलेल्या. चौथी त्यांतली सर्वांत बारीक, म्हणून सर्वांत नाजूक.

कार्यक्रमाला पाच आठवडे असताना ती तालमीत तुटली. टप् असा आवाज झाला आणि निकिता "आई गं" म्हणून बोट चोखत बसली. मी नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात केली होती. चहा घेऊन आलेल्या दैवशालाबाई खाली वाकल्या, तुटलेला तुकडा उचलला आणि उजेडाकडे धरला.

"पोरी, ही काय हाय?"

"गिटारची तार, मावशी. चौथी."

त्यांनी नखाने टोक उसवलं. चांदीचं पाणी दिलेली बारीक तार सुटून वेटोळं होऊन हातात आली, आत पांढऱ्या धाग्यांची जुडी दिसली. चहाचे कप तसेच ठेवून त्या आत गेल्या, आणि अंगठ्याएवढं एक रीळ घेऊन आल्या.

"अडतीस नंबर," त्या म्हणाल्या. "टेबल फॅनची तार. बगा." तळहातावर दोन्ही तारा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. जाडी तंतोतंत एक. "निकिता, आगं हे तर वायंडिंग हाय. हे तर माजंच काम हाय."

"दैवशालाबाई, ती परदेशी कंपनीची तार आहे," मी म्हणालो.

"आसंल की, सर. गुंडाळली तर तांब्यानंच हाय नव्हं?"

मी चहा घेतला आणि विषय संपला असं समजलो.

विषय संपला नव्हता. पुढच्या रविवारी मी पहिल्या गाडीने तासभर आधी पोहोचलो, तर त्या मोटर बाजूला सारून तार करत बसल्या होत्या. कॉइल बांधायचा नायलॉनचा दोरा उसवून त्याचे धागे वेगळे काढले होते. त्या धाग्यांची जुडी एका बाजूला वायंडिंगच्या मशीनला आणि दुसऱ्या बाजूला खिळ्याला बांधून त्या हँडल फिरवत होत्या. बोटांतून अडतीस नंबरची तार जुडीवर चढत होती. मी उभा राहून बघितलं आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला त्या बाईची बोटं दिसली. तार बोटांतून सुटत होती आणि बोटं हलताना दिसत नव्हती.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"मोटर हितं आल्यावर शिकले. त्याच्या आदी लोकर. आमचं घर मेंढराचं. आज्जी चातीवर लोकर कातायची, तिच्यासंगं मी बी." मग हँडल थांबवून म्हणाल्या, "सर, एक सांगू? चांगली भरलेली मोटर आवाज करत न्हाय. बिगडली तरच वरडती. मंजी माजं काम चांगलं झालं की कुनाला ऐकूच येत न्हाय. आठरा वर्सं झाली." तारेकडे बघून त्या हसल्या. "ही वाजल. माजं वायंडिंग एकदा तरी लोकांनी ऐकावं, येवढंच हाय."

"बोर्डवर तुमचं नाव का नाही?" मी विचारलं. ते विचारायला मला वर्ष लागलं, त्याची लाज त्याच क्षणी वाटली.

"बाईनं भरली मनलं तर मोटर कोन आननार? आमी दोगांनीच ठरवलं तवा. त्यांची चूक न्हाय." आणि पुन्हा हँडल फिरू लागलं.

ती पहिली तार बिघडली. मशीन एकाच टोकाने फिरत होतं, त्यामुळे आतल्या जुडीला पीळ पडला आणि तार गिटारवर चढवताच मुरडली. "पीळ," दैवशालाबाई म्हणाल्या, "लोकरीला पीळ पायजे, हिला नगं." दोन्ही टोकं एकदम, एकाच वेगाने फिरली पाहिजेत हे त्यांनी स्वतःच ओळखलं, आणि बजरंगच्या मागे लागल्या. बजरंग आधी म्हणाला, मोटरी पडल्यात तेवढ्या बघ. मग दोन दिवसांत त्याने सायकलची दोन चाकं, दोन चेन आणि एक लांब सळई जोडून, एक हँडल फिरवलं की दोन्ही टोकं सोबत फिरतील अशी जुगाड मशीन बनवून दिली. जुडी ताणून राहावी म्हणून एका बाजूला पाच किलोचं वजन टांगलं. मशीन बघून तो स्वतःच खूश झाला होता.

दुसरी तार पाहिली तेव्हा मीसुद्धा चमकलो. वेढ्याला वेढा चिकटलेला, कुठे फट नाही. निकिताने चढवली, सूर लावला, छेडली, आणि लाकडी पाटावर टिचकी मारावी तसा आवाज आला. ठक्. पुन्हा ठक्. मी हसलो. मोठ्याने हसलो, हेही सांगतो.

दैवशालाबाईंनी तारेवरून बोट फिरवलं, आणि कपाळावर हात मारला. मोटर भरून झाली की तिला वार्निशमध्ये बुडवायची आणि भट्टीत भाजायची, म्हणजे आतली कॉइल एकजीव होते, हलत नाही. अठरा वर्षं तेच केलेलं. तार गुंडाळून झाली, हात आपोआप वार्निशच्या डब्याकडे गेले, तार आपोआप भट्टीत गेली. जी हलली पाहिजे तीच त्यांनी पक्की करून टाकली होती. "सवय मेली," त्या म्हणाल्या, आणि हसताहसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निकिताने त्यांचा हात धरला. मला तेव्हा वाटलं, झालं, आता ही बाई नाद सोडणार.

तिसरी तार पुढच्या रविवारी तयार होती. वार्निश नाही, भट्टी नाही. साडेसहा हजारांवर वेढे, त्यांनी मोजलेले. कंपनीची तार चांदीसारखी दिसते. ही तांब्याची, लालसर. सहा तारांमध्ये ती एकटी वेगळी दिसत होती. निकिताने अंगठ्याने ती मोकळी छेडली.

काय सांगू. पत्र्याच्या त्या शेडमध्ये, जळक्या मोटरींच्या शेजारी, तो सूर असा उभा राहिला की बसप्पाअण्णांनी वाजवायला उचललेला गज खाली ठेवला. निकिताने दुसऱ्यांदा छेडली, आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. सुराच्या मागोमाग एक बारीकशी झिरझिर. तिसऱ्यांदा छेडली. झिरझिर होतीच.

"ऐकलंत?" मी म्हणालो. "ही झिरझिर. वेढे ढिले आहेत. पुरे झालं आता. आठवड्यावर कार्यक्रम आलाय. काढ ती आणि जुनी कंपनीची असेल ती लाव."

निकिता म्हणाली, "सर, थोडं ऐका तरी."

"ऐकतोय म्हणूनच सांगतोय. छत्तीस वर्षं कानांवरच पोट भरलंय."

तिने तारांच्या आधीच्या संचातली जुनी चौथी तार पेटीतून काढली आणि चढवली. छेडली. झिरझिर गायब. मी सगळ्यांकडे बघितलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मला आरशात बघायची गरज नव्हती. दैवशालाबाई पडदा सारून आत गेल्या. त्या रडायला गेल्या असं मला वाटलं, आणि मनात कुठेतरी टोचलं. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही.

त्या परत आल्या तेव्हा हातात कोपरापर्यंत लांब पेचकस होता.

"निकिता, माजी तार परत चढीव. आन तुमी समदे आदी जसे बसले व्हते तसे बसा. सामान हातात घिऊन."

हे मोटरवाले लोक काय करतात ते बजरंगकडे मी शंभरदा पाहिलं होतं. मोटर चालू करायची, लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानाला. आत काय कुरकुरतंय, बेअरिंग की पत्रा, ते मुठीतून कानात येतं. दैवशालाबाईंनी पेचकसाचं टोक अलगद निकिताच्या गिटारला टेकवलं, मूठ कानाला लावली. "छेड." डोळे मिटले. "न्हाय." टोक तारेच्या घोडीपाशी नेलं. "छेड. न्हाय. हितं साफ हाय." मग बसप्पाअण्णांच्या चेलोपाशी. अण्णा श्वास रोखून बसले. "न्हाय." कृष्णराजचा व्हायोला, गायत्रीचं व्हायोलिन. न्हाय आणि न्हाय.

मग त्या माझ्यासमोर आल्या.

"सर, तुमचं बगू का?"

"माझा काय संबंध? मी वाजवतसुद्धा नव्हतो."

"व्हय, पर हातात तर हाय."

चाळीस वर्षांचं माझं व्हायोलिन, आणि त्याच्याकडे येणारं ते लोखंडी टोक. मी डोळे मिटून घेतले. टोक व्हायोलिनच्या खालच्या अंगाला टेकलं. तिथे सूर अगदी बारीक जुळवायचे छोटे पेच असतात. "छेड," त्या म्हणाल्या. निकिताने ती लाल तार छेडली, आणि या वेळी मी स्वतः हनुवटीतून ती झिरझिर ऐकली.

दैवशालाबाईंनी पेचकस खाली ठेवला आणि माझ्या एका पेचावर अंगठ्याचं नख टेकवलं. "छेड." सूर आला, लांब, स्वच्छ, काही नाही. नख उचललं. झिरझिर. टेकवलं. गप्प. उचललं. झिरझिर.

गायत्रीने तोंडाला पदर लावला. बसप्पाअण्णांनी लावला नाही, ते सरळ हसले.

"पर जुन्या तारंवर का न्हाय झालं मावशी?" निकिताने त्यांच्याच बोलीत विचारलं.

"जुनी तार मेलेली हाय. तिच्यात हलवायचा जोर न्हाय. ही जित्ती हाय. हिनं सरांच्या ढिल्या पेचाला जागं केलं." त्यांनी कनवटीचा बारीक पेचकस काढून माझा पेच दोन आट्यांत आवळला. "बेरिंग बिगडलं तरी लोक मनत्यात वायंडिंग खराब. सवय हाय मला."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मला ते करायला चहा येईपर्यंत वेळ लागला, पण मी केलं. उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालो, "दैवशालाबाई, माझं चुकलं. कार्यक्रमात तुमचीच तार वाजेल." दारात बजरंग उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं, आणि त्याच्या तोंडातली लवंग हलत नव्हती.

त्या आठवड्यात मला झोप कसली येतेय. मी सकाळ-संध्याकाळ रियाज केला. निकिताने ड्यूटी संपली की जिन्यात बसून ती धून शंभर वेळा वाजवली असेल. तार ताणून ताणून स्थिर झाली. लाल रंग जरा गडद झाला.

रविवारी आम्ही सभागृहात पोहोचलो तर बाहेर एक टेम्पो उभा. त्यातून येरमाळ्याची आणि ईटची पंधरा-वीस माणसं उतरत होती, धोंडीबा सर्वांत पुढे, धुतलेलं धोतर आणि नवा फेटा. बजरंगच्या दुकानात केलेली तार वाजणार आहे ही बातमी पसरली होती. माणसं बजरंगच्या पाठीवर थापा मारत होती. तो "व्हय, व्हय" करत होता. मागून दैवशालाबाई आल्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, आणि कडेच्या खुर्चीवर बसल्या.

वाचनालयाच्या कार्यवाहांनी माइक घेतला. आमची नावं वाचली, रचनेबद्दल चार वाक्यं वाचली, आणि शेवटी कागद उलटून म्हणाले, "विशेष म्हणजे, या गिटारची एक तार आपल्याच जिल्ह्यात, येरमाळ्याच्या बजरंग मोटर रिवाइंडिंगचे बजरंग यांनी स्वतःच्या हातांनी तयार केली आहे." टाळ्या पडल्या. टेम्पोतली माणसं तर थांबेचनात. बजरंग अर्धवट उठला, हात जोडले, बसला.

दैवशालाबाईंनी मान खाली घातली. माझ्या हनुवटीखाली व्हायोलिन होतं, समोर माइक नव्हता, आणि निकिता माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे भरलेले. मला इतका संताप आला की पहिला भाग आम्ही ठरल्यापेक्षा सव्वापट वेगात वाजवला. तो तसाच वाजवायला हवा होता, हे मला वाजवताना कळलं. गायत्री माझ्या मागोमाग, कृष्णराज तिच्या मागोमाग, बसप्पाअण्णा खालून ढकलत, आणि गिटार मधूनमधून डोकावत पुढे पळतेय. शेवटच्या सुरावर चारही गज आणि निकिताची बोटं एकदम थांबली. इतके एकत्र आम्ही कधीच थांबलो नव्हतो.

मग चौघांनी हात खाली घेतले. निकिताने एक श्वास घेतला आणि चौथी तार मोकळी छेडली.

दिव्यांच्या उजेडात ती लाल तार थरथरताना पहिल्या रांगेतूनही दिसत होती. सूर सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला, तरी संपला नव्हता. कुठे झिरझिर नाही. मग तिने त्याच तारेवर धून चढवायला सुरुवात केली, एक पायरी, दुसरी, थांबून पुन्हा पहिली. मी दैवशालाबाईंकडे बघितलं. त्यांची मान वर होती. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, तार गुंडाळताना हलतात तशी. आणि त्यांच्या शेजारी बजरंग स्टेजकडे बघत नव्हता. तो बायकोच्या त्या बोटांकडे बघत होता. मला वाजवायची खूण झाली तेव्हा मी जवळजवळ चुकलो, इतका आनंद माझ्या छातीत मावत नव्हता.

तिसरा भाग कसा गेला ते मला आठवत नाही. संपला तेव्हा लोक उभे होते, आणि मीही कधी उभा राहिलो कोण जाणे.

सत्कार असल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम संपत नाही. आम्हा पाचांना शाल आणि नारळ झाला. मग कार्यवाह म्हणाले, "आता तारेचे कारागीर बजरंग यांनी मंचावर यावं." धोंडीबांनी त्याला हाताला धरून उठवलं. बजरंग चढून आला. कार्यवाहांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला. फोटोसाठी सगळे सरसावले.

बजरंगने शाल खांद्यावरून काढली. नीट घडी घातली, नारळासकट कार्यवाहांच्या हातात परत दिली, आणि माइकसमोर जाऊन उभा राहिला. माइकवर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्याने आधी तोंडातली लवंग काढून खिशात टाकली.

"ही शाल माजी न्हाय," तो म्हणाला. "म्या निस्ती सायकलीची चाकं जोडली. तार तिनं केली. माज्या बायकूनं. दैवशाला तिचं नाव." थोडा थांबला. खाली टेम्पोतल्या माणसांकडे बघितलं. त्या माणसांवर त्याचं दुकान चालत होतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. "आन मोटरी बी. आठरा वर्सं तुमच्या हिरीवर ज्या चालत्यात त्या समद्या तिनंच भरल्यात. म्या एक बी भरलेली न्हाय. मला भरताच येत न्हाय."

टेम्पोतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. दैवशालाबाई खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

धोंडीबा उठले. फेटा सारखा केला, आणि कडेच्या खुर्चीकडे वळले.

"पोरी, मंजी माज्या हिरीवरली मोटर बी तूच भरलीस?"

"व्हय, मामा."

"आन मग उद्या ती जळाली तर आमी कुनाला हाक मारायची?"

दैवशालाबाई उभ्या राहिल्या. माइकची त्यांना गरज पडली नाही, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"जळायची न्हाय ती, मामा."